चवथीनंतर बघू

प्रश्न : ताई, मी डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय ३१. लग्न झालंय, तीन वर्षांची मुलगी आहे. पणजीत एका खासगी कंपनीत बिलिंगला आहे. जाऊन-येऊन दोन-अडीच तास बसमध्येच जातात. सरकारी भरतीची परीक्षा द्यायची असं चार वर्षं म्हणतोय. एकदा दिली, थोडक्या गुणांनी राहिली. तेव्हापासून पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. शिवाय वजन उतरवायचंय, अर्धवट सुटलेला तबला परत धरायचाय, इंग्रजी सुधारायचंय. वेळापत्रक मी फार छान करतो. पहाटे ५ ते ७ अभ्यास, रात्री ९ ते ११ उजळणी, तेही रंगीत पेनांनी. मोबाइलवरचं ‘२१ दिवसांचं चॅलेंज’ तीनदा घेतलं. पहिल्या वेळी नवव्या दिवशी मावसभावाचं लग्न आलं, एक दिवस चुकला, मग सोडूनच दिलं. रात्री पाच मिनिटं म्हणून फोन हातात घेतो आणि साडेबारा वाजतात. बायको आता काही बोलत नाही, वेळापत्रकाकडे बघून नुसती हसते. वडील म्हणतात, नाटकं सोड म्हणजे अभ्यास होईल. (गावच्या जत्रेतल्या नाटकात मी नऊ वर्षं काम करतोय. दिवाळीनंतर दोन महिने रात्रीच्या तालमी असतात, त्या मी कधी चुकवत नाही.) मला वाटतं माझ्यात शिस्तच नाही, मी मुळातच आळशी आहे. गणेश चवथीनंतर नव्याने सुरुवात करायचं ठरवलंय. तोपर्यंत मनाची तयारी कशी करू?
एक आरंभशूर

उत्तर : आरंभशूर बाबा, तुला तू म्हणते. माझा धाकटा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, तेव्हा चालेल.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कंसापाशी अडले. सगळ्या पत्रात कामाची गोष्ट तीच, आणि नेमकी तीच तू कंसात घातलीस. दिवसभर आकडेमोड करायची, बसमध्ये उभ्याने घरी यायचं, जेवायचं आणि रात्री दहाला देवळाच्या मंडपात हजर व्हायचं. थंडीत, फुकट, वर वर्गणीही तुझीच. असं नऊ वर्षं. आणि हा माणूस मला कळवतो की माझ्यात शिस्तच नाही!

तेव्हा ‘मी आळशी’ हा मुद्दा आपण इथेच मिटवू. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या मंडपात आहे. तालमीत काय काय असतं ते जरा आठव. जत्रेची तिथी ठरलेली असते, ती तुझ्यासाठी थांबत नाही. पुढे ढकलायची तर देवालाच विचारायला हवं. तालमीची जागा एक, वेळ एक. तू गेला नाहीस तर समोरच्याचा प्रवेश अडतो. मग कोणीतरी मोटारसायकल काढून तुझ्या दारात येतो आणि हॉर्न वाजवतो. अख्खं नाटक तुला पाठ करायचं नसतं, फक्त तुझी नक्कल, म्हणजे तुझ्या वाट्याची वाक्यं. पहिल्या दिवशी तीही नाही, नुसतं वाचन. वाचताना अडखळलं तर कोणी हसत नाही, कारण सगळेच अडखळतात. आणि इतकं करून जत्रेच्या रात्री वाक्य विसरलंच, तर विंगेत वही धरून प्रॉम्प्टर बसलेला असतोच.

आता तुझा अभ्यास बघ. तारीख नाही, कारण जाहिरात कधी निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं. जागा नाही, कधी खाटेवर तर कधी जेवणाच्या टेबलावर. समोर कोणी अडणारं नाही. नक्कल नाही, सगळा ग्रंथ एकदम. आणि प्रॉम्प्टरच्या जागी फोन. असं नाटक तुमच्या दिग्दर्शकालासुद्धा उभं करता आलं नसतं.

इथे एखादा म्हणेल, गोंयकार तो, सुशेगादच असणार. या शब्दाचे फार हाल झालेत. पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून तो आला, अर्थ शांत, निवांत. म्हापशाचा दुकानदार दुपारी एकला शटर ओढतो, हुमण-शीत जेवतो, आडवा होतो आणि चार वाजायच्या सुमाराला शटर पुन्हा वर करतो. त्याची झोप ही झोप असते आणि धंदा हा धंदा. तू रात्री साडेबारापर्यंत जे करतोस त्यात काम नाही आणि विसावाही नाही. तुला खरा सुशेगादपणा जमला असता तर मी म्हटलं असतं, अर्धी लढाई जिंकलास.

दुसरं वाक्य तू घाईघाईने लिहून पुढे सटकलास. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. टिमथी पिचिल म्हणून कॅनडातले एक मानसशास्त्रज्ञ आहेत, चालढकल हाच त्यांचा विषय. त्यांनी एका सहकारी संशोधक बाईंबरोबर २०१३ मध्ये एक मुद्दा मांडला, तो मला पटतो. माणूस कामाला भीत नाही, कामाबरोबर जे वाटायला लागतं त्याला भितो. कंटाळा, भीती, ‘परत नापास झालो तर?’ ते वाटणं लगेच थांबावं म्हणून तो दुसरं काहीतरी हातात घेतो. थांबतंही ते. फोन उघडला की तुझा गोळा पाच मिनिटांत विरतो ना? औषध लागू पडतं, म्हणून तर सुटत नाही. सकाळी मात्र तोच गोळा व्याजासकट पोटात. वेळापत्रकाची रंगीत पेनं इथे उपयोगी पडत नाहीत ती यामुळे. वेळापत्रकाने वेळेची अडचण सुटते, तुझी अडचण पोटात आहे.

माझं सांगते. माझ्या आईला धालोची पुष्कळ गाणी यायची. पौषात मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा करून गातात, त्यांत तिचा आवाज पुढे असायचा. मी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर तिची सगळी गाणी उतरवून घ्यायची ठरवली. दोनशे पानी वही आणली, रेकॉर्डर आणला. पहिला पौष गेला. म्हटलं, पुढच्या. असे चार पौष गेले, आणि मग आईचं विसरणं सुरू झालं. वहीत सात गाणी आहेत.

घाबरवायला हे सांगत नाही, घाबरलेला तू आहेसच. मला सांगायचंय ते मधल्या वर्षांचं. पहिला पौष चुकल्यावर मला स्वतःची लाज वाटली. वही दिसली की लाज वाटायची, म्हणून मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. मग ती दिसेनाशी झाली आणि लाजही जरा कमी झाली. तू स्वतःला आळशी म्हणतोस, नालायक म्हणत असशील, आणि तुला वाटतं या कोरड्याने घोडं पळेल. पळतं खरं, पण उलट्या दिशेला. त्याच पिचिल यांच्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक अभ्यास झाला, २०१० मध्ये तो छापून आला. पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ करून पस्तावलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. हे मला शिकवत असताना माहीत असतं तर काही पोरांना मी पुष्कळ कमी बोलले असते.

तेव्हा गेली चार वर्षं गेली. त्यांचा हिशेब बंद.

आता तुझ्या यादीकडे. परीक्षा, वजन, तबला, इंग्रजी. एका नाटकात राजा, प्रधान, विदूषक आणि राणी या चारही भूमिका तूच करणार काय? दिग्दर्शक हाकलून देईल. एक निवड. परीक्षा निवडत असशील तर आधी स्वतःला एकदा विचार, ही नोकरी तुला हवी आहे की घराला? गोव्यात सरकारी नोकरीची वाट न बघणारं घर शोधून सापडायचं नाही, त्यामुळे आपली इच्छा कुठली आणि वाड्याची कुठली हे कळत नाही. दुसऱ्याच्या इच्छेसाठी पहाटे उठणं फार जड जातं. उत्तर ‘मला हवी’ असं आलं तर पुढे वाच. तबला पुढच्या पावसाळ्यापर्यंत बासनात राहू दे, त्याला काही होत नाही, शाई तेवढी ओलसर हवेपासून जप. वजनासाठी मुलीला घेऊन संध्याकाळी देवळापर्यंत चाल. इंग्रजी परीक्षेतच येतं.

आणि ‘चवथीनंतर’ हे काय आहे? आषाढ सरत आला. चवथीला अजून महिना-सव्वा महिना आहे. चवथ झाली की पितृपक्ष, मग नवरात्र, मग नरकासुर, मग दिवाळी. दिवाळीनंतर तुझ्या तालमी. तू कॅलेंडर उघडून बस आणि मला दाखव, यात तुझी ‘नव्याने सुरुवात’ नेमकी कुठे बसते. मोकळा महिना तुझ्यापुढे एकच आहे, हा, पावसाचा, लग्नं नसलेला, आणि तो तू मनाच्या तयारीला द्यायला निघालास. तालमीच्या पहिल्या रात्री तू मनाची तयारी करून जातोस का? जातोस, वाचन होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री मन आपोआप येऊन बसतं.

चवथीचे दिवस मात्र आजच कॅलेंडरवर खोडून टाक. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, घुमट-आरत्या, पाहुणे. त्या दिवसांत अभ्यास नाही, हे आधीच ठरलेलं असू दे. ठरवून घेतलेली सुटी आणि चुकलेला दिवस यांची चव वेगळी लागते.

तुमच्या वाड्यावर पाव घेऊन पोदेर किती वाजता येतो? सहा, साडेसहा? तुझा सगळा कार्यक्रम मी त्याच्या भोंपूला बांधणार आहे. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एक साधीशी गोष्ट मांडली. ‘मी अभ्यास करीन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवलेलं माणसाकडून जास्त होतं. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पॅस्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हाही फरक चांगला ठळक निघाला. कारण समजायला सोपं आहे. ‘आता सुरू करू की जरा थांबू?’ हा रोजचा वाद तुला घालावाच लागत नाही. वाद झाला की तू हरतोस, हे चार वर्षांत सिद्ध झालंय. तेव्हा तुझं वाक्य असं : पोदेराचा भोंपू ऐकला की मी पाव घेईन, चहाचा कप घेऊन पडवीतल्या खुर्चीत बसेन आणि दहा प्रश्न सोडवीन. हे वाक्य कागदावर लिही, साध्या निळ्या पेनाने. पोदेर आला नाही तर? तर त्या दिवशी तुलाही सुटी, भांडत बसू नकोस.

दहाच प्रश्न का, असं तुझ्या मनात आलं असेल. पहाटेचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास हे तू कुठल्या माणसासाठी आखले होतेस? त्याला तीन वर्षांची मुलगी नसणार आणि तो पणजीला जात नसणार. १९९४ मध्ये कॅनडातल्या काही विद्यार्थ्यांना विचारलं होतं की हातातला प्रबंध किती दिवसांत संपेल. सरासरी अंदाज निघाला ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५. शिकलेली माणसं ती, कामही स्वतःचंच. आपण सगळेच आपल्या उद्याला आजच्यापेक्षा हुशार समजतो. तेव्हा आखशील त्याच्या निम्मं कर, आणि पहिले दोन आठवडे त्याच्याही निम्मं. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं. बस्स.

नक्कल कशी काढायची ते सांगते, कारण गोळा येतो तो इथेच विरतो. ‘गोव्याचा आधुनिक इतिहास’ असं वहीवर लिहिलंस की पोट आवळणारच. त्याऐवजी एका सकाळी पाचच तारखा घे. १९ डिसेंबर १९६१, मुक्ती. डिसेंबर १९६३, पहिली विधानसभा निवडणूक आणि भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. फेब्रुवारी १९८७, राजभाषा कायदा. ३० मे १९८७, घटक राज्य. वाचून झालं की वही मिटायची आणि म्हणून दाखवायचं, भिंतीला म्हण नाहीतर बायकोला. नक्कल डोळ्यांसमोर धरून कोणाला कधी पाठ झाली नाही, मिटूनच पाठ होते, हे तुला मी काय सांगायचं? अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये याच्यावर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन:पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

बसमधला वेळ आहे ना, त्यात नवं काही वाचायला जाऊ नकोस. उभ्या माणसाच्या हातात पुस्तक टिकत नाही आणि फोन काढलास की संपलं. सकाळचे दहा प्रश्न नुसते मनात फिरव. जो आठवत नाही तोच तुझा उद्याचा पहिला प्रश्न.

आठवड्यातून दोन संध्याकाळी कामावरून सुटलास की लगेच बस पकडू नकोस. पणजीतच पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कदंब बसस्टँडपासून पायी जाण्यासारखं. ही संस्था १८३२ पासूनची, पण तुला त्याच्याशी काय करायचंय? तुला हवी एक खुर्ची, जिच्यात बसल्यावर घर दिसत नाही आणि आजूबाजूचे सगळे मान खाली घालून बसलेले असतात. पाऊण तास बसायचं आणि पुढच्या बसने यायचं. बायकोला आधी सांग, आणि त्या दोन दिवसांच्या बदल्यात तिला कुठले दोन तास मोकळे हवेत तेही विचार. ती हसते ना वेळापत्रकाकडे? त्यातला तिचा वाटा तू कधी लिहिला नसशील, असा मला दाट संशय आहे.

आता फोन. मी मूळची चोडणची. आमच्याकडे खाजन शेती, म्हणजे खाऱ्या नदीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून राखलेली. बांधात जागोजाग मानस, म्हणजे पाण्याची वाट, असतं, त्याला लाकडी दारं. ओहोटीला शेतातलं पाणी त्या दाराला बाहेर लोटून निघून जातं. भरती आली की नदीचं पाणी तेच दार आतल्या बाजूला दाबून मिटवतं. दिवसातून दोनदा भरती येते, कधी रात्री दोनलाही येते, पण दार मिटायला कोणाला उठून जावं लागत नाही. भरतीच भरतीला अडवते. लहानपणी मला ही जादू वाटायची. दार एकदा नीट बसवलेलं असलं आणि बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोकं वेळच्या वेळी बुजवली की शेत गोडं राहतं.

तू काय करतोस? दार न बसवता रोज रात्री भरतीसमोर छाती काढून उभा राहतोस आणि मग म्हणतोस, माझ्यात ताकद नाही. रात्री साडेनऊची भरती कोणालाच पेलत नाही, थकलेल्या माणसाला तर नाहीच. तेव्हा दार बसव. फोनचा चार्जर उद्यापासून वडिलांच्या खाटेजवळ. साडेनऊ वाजले की फोन तिथे. परत हवा असेल तर म्हाताऱ्याला उठवून मागायचा. मला नाही वाटत तू मागशील. गजरासाठी घड्याळ घे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल. ज्या दोन ॲपांत तुझे साडेबारा वाजतात ती फोनमधून काढून टाक, रविवारी दुपारी जेवून आडवं होताना परत घाल आणि संध्याकाळी परत काढ. इतकी खटपट कोण करणार, असं वाटलं ना? तेच हवंय. त्या खटपटीचंच दार आहे.

वडिलांना हे काम मिळालं की ‘नाटकं सोड’ म्हणायचं ते कमी होईल, हा माझा अंदाज. घरातलं वडीलधारं माणूस पुष्कळदा बोलतं ते हातात दुसरं काही नसतं म्हणून. नाटक सोडू नकोस. नऊ वर्षांत तुझ्याकडून नेमाने झालेली तेवढी एकच गोष्ट आहे, ती तोडून दुसरी उगवत नाही. पण यंदा भूमिका लहान घे. एका प्रवेशाचा सरदार, भालदार, काहीही. दिग्दर्शक चार दिवस तोंड फुगवेल. फुगवू दे.

तारखेचं राहिलं. जाहिरात येईल तेव्हा येईल, तू तुझी जत्रा आधी ठरव. आजपासून दिवाळीपर्यंत चवथीचे सोडून दहा रविवार नक्की मिळतात. तुमच्या नाटक मंडळीतच कोणीतरी सरकारी भरतीची वाट बघत बसलेला असणार, त्याला धर. दर रविवारी सकाळी दहाला दोघांनी मंडपात बसायचं, घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायची आणि एकमेकांची तपासायची. गुण कमी आले तर आले, ती तालीम आहे. दिवाळीच्या आधीचा रविवार म्हणजे रंगीत तालीम. त्या दिवशी परीक्षेला जाताना घालशील तेच कपडे घालून बस. तू हसशील, पण पोटातला गोळा नव्या गोष्टींना जास्त घाबरतो, सवयीच्या गोष्टींना कमी. तो दुसरा आला नाही तर तू मोटारसायकल काढून त्याच्या दारात जा. तू नाही गेलास तर तो येईल. नऊ वर्षं हेच चाललंय.

त्या २१ दिवसांच्या चॅलेंजबद्दल थोडं. हा आकडा कुठून आला माहीत आहे? १९६० च्या सुमाराला एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला आणि चेहराही गळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन खरोखर मोजलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही. म्हणजे मावसभावाच्या लग्नाने तुझं काहीच वाकडं केलं नव्हतं. दहाव्या दिवशी तू परत बसला असतास तर नववा दिवस कोणाच्या लक्षातही राहिला नसता. एक प्रयोग पडला म्हणून कोणी मंडळ बरखास्त करत नाही.

एक विचारायचं राहिलं. तालमीला तू अजून उत्साहाने जातोस ना? जात असशील तर माझी फारशी काळजी नाही. पण यंदा तिथेही जावंसं वाटेना, झोप उडाली, मुलीशी खेळण्यातही राम वाटेना आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर हे सदर पुरं पडणार नाही. डॉक्टरांना भेट, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोल. पैसे पडत नाहीत.

आता हे वर्तमानपत्र घडी घालून ठेव आणि बायकोला विचार, पोदेर नक्की किती वाजता येतो. तुला माहीत नसणार, इतके दिवस पाव तीच घेते. उद्या तू घे. रविवारी तुझं पहिलं वाचन. दिवाळीला मला दोन ओळींचं पत्र टाक, दहापैकी किती रविवार झाले तेवढाच आकडा, कारणं नकोत. आणि जत्रेची तिथी कळव. यायचा माझा विचार आहे, फक्त बसायला पुढे कुठे तरी पाठीची खुर्ची ठेव, खाली बसलं की आता मला उठता येत नाही.